निर्व्यसनी गोळीच्या शोधात

(चौबे कॉलोनी, रायपूर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेसाठी ज्येष्ठ सभासदांकडून विषय मागविले, तेव्हा सर्वाधिक चिठ्ठ्यांवर निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न निघाला असे कार्यवाहांनी आम्हांस सांगितले. रात्री झोप लागत नाही, गुडघे आणि कंबर दुखणे थांबत नाही, आणि सवय लागेल अशी गोळी तर नको आहे. मग घ्यावे तरी काय? हाच आजचा विषय.

आम्ही वैद्य नव्हे. कलाशाखेची पदवी आणि केंद्र शासनाची दीर्घ नोकरी एवढेच आमचे भांडवल. तरीही हा भार स्वीकारला, कारण शासनाने ज्या औषधांना कुलूप घातले आहे त्यांच्यासंबंधीच्या कायद्याची आणि अधिसूचनांची पाने चाळण्याचा आम्हांस सराव आहे, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात प्रत्येकाच्या वाट्याला जी चार-पाच मिनिटे येतात त्यांत हा प्रश्न नीट विचारलाही जात नाही. मंडळातील डॉक्टर सभासदांनी हा मजकूर वाचून दिला आहे. तथापि येथे ज्या औषधांची नावे येतील, त्यांपैकी एकही औषध केवळ हे व्याख्यान ऐकून कोणी सुरू करू नये. आणि जे चालू आहे ते उद्या सकाळी एकदम बंद तर मुळीच करू नये. तसे का, ते पुढे येईलच.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'निर्व्यसनी' हे विशेषण आपल्या समाजात स्थळे पाहताना फार चालते. मुलगा निर्व्यसनी आहे म्हटले की वधूपिता निम्मा निर्धास्त होतो. परंतु निर्व्यसनी मुलगा तापट असू शकतो, आळशी असू शकतो, कर्जबाजारीही असू शकतो. गोळीचेही तसेच आहे. सवय लागत नाही हा तिचा एक गुण झाला; बाकीची चौकशी करावयाची राहतेच. आणि हा एक गुण तरी तिच्या अंगी खरोखर आहे की नाही, हे कळावयास कधी कधी एक पिढी जावी लागते.

इतिहास याची साक्ष देतो. १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने मॉर्फिनची सवय न लावणारे, खोकल्यावरचे सुरक्षित औषध म्हणून जो पदार्थ बाजारात आणला त्याचे नाव हेरॉइन. विसाव्या शतकाच्या आरंभी झोपेसाठी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे आली. त्यांची सवय लागते आणि मात्रा अधिक झाली तर प्राण जातो असे दिसून आल्यावर १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले, ते त्यांहून निर्धोक म्हणून. प्राणघातकतेच्या दृष्टीने ते निर्धोक होतेही; पण सवय त्यांचीही लागली. १९९६ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने अफूच्या वर्गातील एक वेदनाशामक गोळी व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगून खपविली. २००७ मध्ये त्याच कंपनीने न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तोपर्यंत असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती.

आणि थॅलिडोमाइड? १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी आली. तिची सवय लागत नाही, जास्त घेतली तरी जीव जात नाही, अशी तिची कीर्ती होती, आणि तेवढ्यापुरती ती खोटीही नव्हती. गर्भवती स्त्रियांनी ती घेतली आणि हातपाय अपुरे असलेली हजारो बालके जन्मास आली. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेण्यात आली. केवळ निर्व्यसनीपणावर विसंबून स्थळ पक्के केल्याचे याहून दारुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे सर्व परदेशातले झाले म्हणून आपण सुटलो असे नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणगावातील कामकरी बाया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देत असत, मूल दिवसभर निपचित पडून राहावे म्हणून. त्या मातांना दोष देण्याचे धाडस आमच्यात नाही. मुलाला सांभाळावयास दुसरे कोणी नव्हते आणि पाळी चुकली की मजुरी जात होती. झोपेच्या औषधाचा प्रश्न पुष्कळदा झोपेचा नसतोच, ही गोष्ट तेथेही दिसते.

आपल्या वनस्पतींविषयी अभिमान बाळगणाऱ्यांसाठी सर्पगंधेची कथा सांगितली पाहिजे. ही वनस्पती छत्तीसगडच्या रानांतही होते. झोप न येणे, भ्रम, उन्माद यांवर वैद्य तिचे मूळ पूर्वापार देत आले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मन शांत करणारे आणि अफूसारखी सवय न लावणारे हे औषध जगभर वापरले गेले. परंतु काही रुग्णांना ते घेता घेता खोल उदासीनता येते, जिवावर उदार व्हावे इतकी, असे १९५० च्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानी येऊ लागले. वनस्पती आपली, संशोधक आपला, सवय नाही; तरीही किंमत होतीच. झाडपाल्याच्या चूर्णाने अपाय होत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता झोपेकडे वळू.

आपल्या घरांत झोपेची म्हणून जी गोळी असते, ती बहुधा अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम यांपैकी एक असते. यांपैकी अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम 'एच-१' या अनुसूचीत आहेत. ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून अमलात आली. त्यानुसार औषधविक्रेत्याने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावयाचे आणि ती वही तीन वर्षे जपावयाची. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ओळखीच्या दुकानदाराने चिठ्ठीवाचून गोळ्यांची पट्टी दिली की आपण त्याला सज्जन म्हणतो. ही सज्जनता महाग पडते.

व्यसन आणि अवलंबन यांत भेद केला पाहिजे. आमच्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका अकरा वर्षे रोज रात्री अर्धी गोळी घेत होत्या. मात्रा त्यांनी कधी वाढविली नाही, कोणापासून लपविली नाही. त्यांना व्यसनी म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. परंतु शरीर त्या अर्ध्या गोळीवर टेकून उभे होते. प्रवासात दोन रात्री गोळी चुकली तेव्हा हातापायांना कंप सुटला, घाम आला, झोप पार उडाली; आणि आपला निद्रानाश किती भयंकर आहे याचा तो पुरावाच आहे असे त्या समजल्या. वस्तुतः तो गोळी सुटल्याचा परिणाम होता. अशी गोळी एकाएकी तोडली तर अपस्मारासारखे झटकेही येऊ शकतात. पुढे पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊन त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. उतारवयात या गोळ्यांचे अंमळ रेंगाळणारे गुंगीचे शेपूट असे पायात येते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी कित्येक महिने घेऊन थोडी थोडी मात्रा उतरविली. सूनबाईंनी दिनदर्शिकेवर रोजचा आकडा लिहिला. आज त्या गोळीवाचून झोपतात. पूर्वीइतकी सलग नाही, पण झोपतात.

मग निर्व्यसनी पर्याय कोणते? मेलाटोनिन हे शरीरातच रात्री पाझरणारे द्रव्य आहे. पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी त्याची हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी युरोपात २००७ मध्ये मान्य झाली. सवय लागत नाही हे खरे. गुणही बेताचाच आहे, काही मिनिटांचा, हेही खरे. डॉक्सेपिन हे उदासीनतेवरचे जुने औषध. अगदी अल्प मात्रेत, ३ किंवा ६ मिलिग्रॅम, मध्यरात्री जाग येणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाले. मेंदूतील जागृतीची यंत्रणा मंद करणारी नवी औषधे २०१४ पासून तेथे आली आहेत. मात्र त्यांनाही तेथील शासनाने नियंत्रित यादीतच ठेवले आहे, हे आमच्यासारख्या कागद वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. सर्दीच्या जुन्या गोळीने पेंग येते म्हणून ती झोपेसाठी घेणारे पुष्कळ आहेत. त्या गोळीने तोंड कोरडे पडते, लघवी अडते आणि वृद्धांना रात्री भ्रम होतो. तिच्या नादी लागू नये.

अमेरिकेतील काय-चिकित्सकांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये दीर्घ निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून जे सांगितले ते औषधच नाही. उठण्याची वेळ एकच ठेवावी, रात्र कशीही गेली तरी. झोप आली तरच अंथरुणावर जावे. वीस-पंचवीस मिनिटे तळमळत पडलो असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे. जितके तास खरोखर झोप लागते, अंथरुणावर साधारण तितकेच तास राहावे आणि मग ते हळूहळू वाढवावेत. पहिले दोन-तीन आठवडे कष्टाचे जातात आणि याच काळात बहुतेक जण सोडून देतात. अपस्माराच्या रुग्णांनी हा प्रयोग मनाने करू नये. आपल्याकडे यात दुपारची अडचण आहे. मे महिन्यात, नवतप्याच्या दिवसांत, सकाळी बोरे-बासी किंवा दुपारी वरणभात पोटात गेल्यावर कूलरच्या वाऱ्यात दोन तास झोप काढावयाची, आणि रात्री अकराला गच्चीत येरझारा घालीत निद्रानाशाची तक्रार करावयाची, हे आम्ही या वसाहतीत दर उन्हाळ्यात पाहतो. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासावर आणल्यास काहींना गोळीचा प्रश्नच उरत नाही. घोरणाऱ्यांचा प्रश्न मात्र निराळा. झोपेत श्वास अडून जाग येत असेल तर झोपेची गोळी धोक्याची. त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

वेदनेकडे येऊ. येथे निर्व्यसनी गोळ्यांचा तुटवडा नाही, सुकाळ आहे. आणि अपायही त्यांतूनच अधिक होतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वर्गातील गोळ्यांची सवय लागत नाही म्हणून माणसे त्या वर्षानुवर्षे पापडासारख्या खातात. जठरात व्रण पडतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे झिजतात. आपल्या आकाशातून गिधाडे का नाहीशी झाली हे कोडे २००४ मध्ये उलगडले : गुरांना दुखण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, माणसाला ते पुष्कळ अधिक मानवते. परंतु मधुमेह, रक्तदाब आणि साठीच्या पुढचे मूत्रपिंड या तिघांच्या संगतीत ते मानवेलच असे नाही. तेच औषध मलमाच्या रूपात गुडघ्यावर चोळले तर रक्तात फार थोडे उतरते. गुडघेदुखीसाठी मलम आधी, गोळी मागाहून, हा क्रम शहाणपणाचा. पॅरासिटामॉल जठराला सौम्य आहे, पण सर्दीच्या आणि तापाच्या मिश्र गोळ्यांतही तेच असते, हे विसरून दिवसाची मर्यादा ओलांडली जाते आणि यकृतावर घाला येतो.

मधुमेहाने तळपायांची आग होते, मुंग्या येतात, नस दबून पायात कळ जाते. त्या वेदनेवर वरील गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेथे अमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेत किंवा ड्युलॉक्सेटिन डॉक्टर देतात. ही दोन्ही उदासीनतेवरची औषधे. चिठ्ठीवर ती पाहून "डॉक्टरांनी मला वेडे ठरविले" म्हणून गोळ्या फेकून देणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. मेंदूकडून मणक्याकडे जाणारी वेदना आवरण्याची जी वाट आहे तिला ही औषधे बळ देतात. अमिट्रिप्टिलिन रात्री घेतल्याने झोपही लागते, म्हणजे एका चिठ्ठीत दोन तक्रारी भागतात. व्यसन नाही, परंतु काचबिंदू, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. बंद करतानाही हळूहळूच करावयाचे. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन यांची गोष्ट पुन्हा जुन्याच वळणाची : आली निर्व्यसनी म्हणून, आणि २०१९ च्या एप्रिलपासून ब्रिटनने त्यांना नियंत्रित औषधांत घातले. मिरचीच्या तिखटातील कॅप्सेसिनचे मलमही आहे. तिखटाने जीभ का भाजते या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक अंशतः मिळाले, हे ऐकून आपल्या गृहिणींना गंमत वाटेल.

अगदी अलीकडे, ३० जानेवारी २०२५ रोजी, अमेरिकेत सुझेट्रिजिन या औषधास मान्यता मिळाली. वेदनेचा संदेश मज्जातंतूतच अडविणारे, मेंदूतील अफूच्या केंद्राला न शिवणारे असे हे औषध. ती मान्यता शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या अल्पकालीन दुखण्यापुरती होती, वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीसाठी नव्हे. मागचा इतिहास आठवून आम्ही आनंद जरा हात राखूनच व्यक्त करतो.

रायपुरात राहून दीर्घ वेदनेविषयी बोलावे आणि सिकलसेलचे नाव घेऊ नये, हे बरे दिसणार नाही. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही प्रांतांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आदिवासींतच नव्हे, तर तेली, कुर्मी, महार अशा अनेक समाजांत आहे, आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची मुळे विदर्भातच आहेत. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, छातीत, पाठीत अशी कळ उठते की धडधाकट तरुण गुरासारखा ओरडतो. थंडी, ताप, पाणी कमी पडणे एवढे निमित्त पुरते. असा मुलगा रात्री रुग्णालयात येतो. पूर्वी कोणत्या इंजेक्शनने आराम पडला त्याचे नाव त्याला पाठ असते, आणि तो ते नाव घेतो. त्याबरोबर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. चाचणीत पेशी वाकलेल्या दिसतात. वेदना कोणत्याच चाचणीत दिसत नाही.

येथे मात्र निर्व्यसनी औषधाची एक खरी यशोगाथा आहे. हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध. गर्भावस्थेत असणारा रक्तरंजक ते पुन्हा वाढविते, त्यामुळे पेशी वाकत नाहीत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्मे केले. आपल्याकडच्या मुलांना तेवढी मोठी मात्रा लागते का, हा प्रश्न नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी घेतला आणि कमी, ठराविक मात्रेनेही झटके पुष्कळ घटतात असे चाचणीअंती दाखविले. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासणीचा कमी व्याप. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी या आजारासाठी आयुष्य वेचले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि रायपुरात सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्था आहे. हे औषध वेदना दाबीत नाही, वेदना उठू देत नाही. म्हणून झटका आला त्या दिवशी घेऊन भागत नाही, बरे असतानाही रोज घ्यावे लागते. मुलगा बरा दिसू लागला की आईबाप ते बंद करतात. गर्भधारणेच्या काळात ते चालत नाही, एवढे मुलीच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे. लग्नापूर्वी पत्रिका पाहणाऱ्यांनी रक्ताची ही एक चाचणीही करून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता उलट बाजू. व्यसनाची भीती दुसऱ्या टोकाला गेली म्हणजे काय होते, हे आपल्याच कायद्याने दाखविले. अमली पदार्थांचा कायदा १९८५ मध्ये झाला. उद्देश योग्य होता. परंतु शिक्षा कडक, आणि प्रत्येक राज्याचे परवाने निरनिराळे; परिणामी रुग्णालये आणि दुकाने मॉर्फिन ठेवीनाशी झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. मंदसौर-नीमचच्या शेतांत परवान्याने अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या शासकीय कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होत होती, माल परदेशी जात होता; आणि येथे कर्करोगाचा रुग्ण भिंतीवर डोके आपटीत होता. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये निघाले, ते याच काळात. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, अत्यावश्यक औषधांची वेगळी वर्गवारी झाली आणि परवान्यांचे जाळे सैल झाले. दुसरीकडे, ट्रामाडोलचा गैरवापर पाहून २०१८ च्या एप्रिलमध्ये ते याच कायद्याखाली आणले गेले. कायदा एका हाताने सोडतो आणि दुसऱ्या हाताने आवळतो. दोन्ही आवश्यक होते असे आम्हांस वाटते. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील आईला मॉर्फिनची गोळी द्यावयाची की नाही यावर घरात खल चालतो, "सवय लागेल" असे कोणी ज्येष्ठ म्हणतात, आणि आई सोसत राहते. सोसणे हा आपल्या घरांतील बायकांचा मोठाच गुण समजला जातो. त्या खोलीत तो प्रश्न गैरलागू आहे.

आमचे निवेदन येथे संपले. परिपत्रकात विनंती केल्याप्रमाणे आपण आपापली औषधे पिशवीत घालून आणली आहेत असे दिसते. मंडळाचे दोन डॉक्टर सभासद आणि एक औषधनिर्माते मागच्या टेबलाशी बसले आहेत. पिशवीतील सर्व औषधे टेबलावर मांडावीत, चूर्णे आणि काढेही; ज्या गोळीचे नाव पुसले गेले असेल ती वेगळी ठेवावी. वहिनींनी आणि काकूंनी आधी यावे. मागच्या मेळाव्यात त्यांचा क्रमांक येईपर्यंत चहा संपला होता.